ऐंशी किलो जास्त

गाडी वजनकाट्यावर चढली की काटेबाई खिडकीतून दोनच शब्द बोलायची, "खाली उतरा." बावीस वर्षं हेच चाललं होतं. ड्रायव्हर ओळखीचा असो नाहीतर तापाने फणफणलेला असो, त्याने उतरून लोखंडी प्लेटच्या बाहेर, पांढऱ्या पट्ट्यामागे उभं राहायचं. मगच ती बटण दाबणार. एकदा एका बड्या साहेबाने, मी एकटा बसून राहिलो तर असा काय फरक पडतो, असं गाडीतूनच विचारलं होतं. त्यावर तिने सांगितलं होतं की फरक काट्याला पडतो, आणि काट्याला साहेब नि खडीचं पोतं दोन्ही सारखेच. साहेब उतरला होता.

तिची केबिन म्हणजे चार पावलं लांब नि तीन पावलं रुंद. त्यात एक टेबल, जाळी निसटलेला पंखा, दर दहाव्या पावतीला कागद गिळणारं छपाईयंत्र आणि जुन्या पडद्याची उशी घातलेली खुर्ची. खिडकीबाहेर दिवसभर खडी यायची, भंगार यायचं, लाकूड यायचं. वजन व्हायचं, पावती मिळायची आणि सगळं आपापल्या वाटेने निघून जायचं. न हलणाऱ्या वस्तू तिथे दोनच होत्या, काटा आणि काटेबाई. त्यातला काटासुद्धा गाडी चढली की जरासा हलायचा.

म्हणूनच की काय कोण जाणे, पण एक्कावन्नाव्या वर्षी तिला बोट घ्यावीशी वाटली.

कामावर जायचा तिचा रस्ता तळ्याच्या काठाने जायचा. त्या रस्त्यावर दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांचं घर होतं आणि अंगणातल्या पत्र्याखाली ट्रेलरवर एक मोटरबोट उभी होती. पांढरी, कडेने निळी पट्टी असलेली, सोळा फुटी, चोवीस वर्षांची. तिच्या नाकाला दोरीने पुठ्ठा बांधला होता : "विकायची आहे. आत येऊन बोला." काटेबाई तीन आठवडे नुसती तिथे पोचली की हळू चालायची. चौथ्या आठवड्यात आत जाऊन बोलली.

डॉक्टरांनी बोट दाखवली ती पेशंटचं तोंड दाखवावं तशी. हा सांधा मी स्वतः भरलाय, ही फट वरवरची आहे, काळजीचं कारण नाही. इंजिन दर सहा महिन्यांनी तपासलेलं. बोट नवी घेतली तेव्हाचं माहितीपत्रकही त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. मग का विकता, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "बोटीचं काही दुखत नाही हो. माझं दुखतं."

मग त्यांनी तिला वर चढून बसायला सांगितलं. स्टिअरिंगच्या चाकावरचं कातडं भेगाळलं होतं. तिने हात ठेवले. आयुष्यात तिने सायकल सोडून काही चालवलं नव्हतं. समोर डॉक्टरांच्या अंगणाची भिंत होती आणि भिंतीवर वाळत घातलेले दोन टॉवेल. तरी तिला लांबचं दिसल्यासारखं झालं.

घरी तिघंजण : ती, तिचा नवरा आणि नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणजे वन्सं. वन्सं शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, आणि कुणी विचारलं तर वेळ नव्हता म्हणायच्या. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. आणि नवरा मात्र त्यांना लहानपणच्या सवयीने अजून "चिमणे" अशी हाक मारायचा.

या घरात एक नियम होता. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्याहून मोठी वस्तू तिघांच्या होकाराशिवाय आणायची नाही. नियमाचा उगम एका सोफ्यात होता. तो नवऱ्याने एकट्याने पसंत केला, आणि दारातून आत येईना म्हणून आठवडाभर जिन्यात राहिला होता. शेजारपाजारचे येता-जाता त्यावर बसायचे.

रविवारी चहाच्या वेळी काटेबाईने विषय काढला. नवरा बेकरीत पाव भाजायचा. पहाटे उठणाऱ्या माणसाला रविवारी दुपारी कशालाच नाही म्हणवत नाही. तो म्हणाला, "बघ बाई, मला पोहता येत नाही, पण तू पाण्यावर गेलीस तर मी काठावर टाळ्या वाजवीन." म्हणजे एक होकार झाला.

वन्संनी कप खाली ठेवला आणि वर्गात विचारायच्या तसे प्रश्न विचारले. बोटीचा उपयोग काय? मासे धरणार का? माल वाहणार का? पलीकडच्या काठावर आपलं कोण आहे? काटेबाई एवढंच म्हणाली, "मला चालवायचीय, वन्सं."

"चालवायचीय हा उपयोग नव्हे," वन्सं म्हणाल्या. "ती इच्छा झाली."

पुढचे चार दिवस घरात बोट हा शब्द कुणी उच्चारला नाही. पण वन्सं वर्तमानपत्रातली बुडालेल्या, पेटलेल्या नि भरकटलेल्या बोटींची बातमी बरोबर वरच्या बाजूला येईल अशी घडी घालून टेबलावर ठेवायच्या.

दरम्यान काटेबाईने तळ्यावरच्या मेकॅनिकला बोट दाखवून आणली. त्याने इंजिन ऐकलं, तळाला सगळीकडून ठोकलं आणि मग मुद्द्याचं सांगितलं. या जुन्या बोटींत फरशीखाली फोम भरलेला असतो, बोट बुडू नये म्हणून. वर्षानुवर्षं फटीतून पाणी झिरपलं तर तो फोम स्पंजसारखं पाणी पितो. वरून बोट कोरडी ठणठणीत, पोटात बादल्याच्या बादल्या. मग फरशी उचकटून सगळं खरवडून काढावं लागतं, आणि त्यापेक्षा नवी बोट बरी. बरं, फोम कोरडा आहे की भिजलाय हे फरशी न तोडता सांगता येत नाही.

"येतं की," काटेबाई म्हणाली. "वजन करा."

तिने हिशेब मांडला. डॉक्टरांच्या माहितीपत्रकात बोटीचं वजन छापलेलं आहे, चारशे चाळीस. इंजिन एकशे दहा. बॅटरी, नांगर, दोर, टाकीतलं पेट्रोल मिळून पन्नास धरा. एकूण सहाशे. याहून जास्त भरेल ते पाणी.

ही गोष्ट तिने घरी सांगितली तेव्हा वन्संनी प्रथमच वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. मुख्याध्यापिकेला परीक्षा म्हटलं की राहवत नाही. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. सहाशे भरली तर माझा होकार. जास्त भरली तर या घरात पुन्हा बोटीचं नाव नाही. कबूल?"

"कबूल," काटेबाई म्हणाली. स्वतःच्या काट्यावर तिचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता.

रविवारी काटा बंद असायचा, पण पुढच्या रविवारी मालकांना सांगून तिने तो उघडला. सकाळी मेकॅनिकने जीपला जोडून रिकामा ट्रेलर आणला. तो सुटा करून प्लेटवर ठेवला : दोनशे चाळीस. काटेबाईने आकडा टिपून घेतला आणि ट्रेलर परत गेला. डॉक्टरांच्या अंगणात बोट उतरवून लाकडी घोड्यांवर ठेवली होती, ती परत त्यावर चढवायची होती. नवरा मदतीला गेला. वन्संही गेल्या; मदतीला नव्हे, दोष शोधायला. काटेबाई केबिनमध्ये एकटी बसून राहिली. तिने पंखा पुसला. खुर्चीवरची उशी झटकली. निकाल लागायच्या दिवशी मुलं उगाच दप्तर आवरतात, तसं चाललं होतं.

दुपारी बोट आली. पुढे जीप, मागे ट्रेलरवर बोट, तिच्यावर ताडपत्रीचं बटणं लावलेलं छत. मागून डॉक्टरांच्या मोटारीत डॉक्टर आणि नवरा. वन्सं कुठे दिसल्या नाहीत. नवरा म्हणाला, मघाशी तर अंगणातच होती, ट्रेलरच्या चाकात पंपाने हवा भरेपर्यंत दिसेनाशी झाली. ऊन लागलं असेल, गेली असेल घरी. फुरंगटून गेली असेल, असं काटेबाईच्या मनात आलं.

मेकॅनिकने ट्रेलर प्लेटवर आणला, जीप सोडवून बाहेर काढली. तिघे पुरुष पट्ट्यामागे जाऊन उभे राहिले. काटेबाईने सवयीने खिडकीतून हाक दिली, "खाली उतरा." सगळे उतरलेलेच होते. नवऱ्याने दोन्ही हात वर करून दाखवले. तिने बटण दाबलं.

नऊशे वीस.

तिने शून्य तपासलं, पुन्हा बटण दाबलं. नऊशे वीस. ट्रेलरचे दोनशे चाळीस गेले, राहिले सहाशे ऐंशी. ऐंशी किलो जास्त. बोटीने चोवीस वर्षांत ऐंशी लिटर तळं पिऊन ठेवलं होतं.

आपल्या माणसाचा रिपोर्ट वाईट आला की माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. काटेबाईला ती सोय नव्हती. इथे दुसरा डॉक्टर तीच होती. ती पावती घेऊन बाहेर आली. मेकॅनिकने आकडा वाचला आणि जिभेने टक् केलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, मला खरंच कल्पना नव्हती हो. ते खरं बोलत होते हे तिला दिसत होतं, आणि त्यानेच जास्त वाईट वाटलं.

मेकॅनिकने ट्रेलर ओढून झाडाच्या सावलीत नेला. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूने वन्सं आल्या. केसांचा अंबाडा एका बाजूला कललेला, चेहरा लालबुंद. काटेबाईने पावती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, आणि चक्क काहीच बोलल्या नाहीत. जिंकल्यावर गप्प राहणं हा वन्संचा स्वभाव नव्हता. पण काटेबाईला तेव्हा दुसऱ्याचा स्वभाव बघायला सवड नव्हती.

डॉक्टरांना पक्कं काय ते बुधवारी सांगायचं ठरलं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण काही माणसांना तोंडावर लगेच नाही म्हणवत नाही.

सोमवारी घरात बोटीचं नाव निघालं नाही, कारण तसं कबूल केलं होतं. नवऱ्याने बेकरीतून होडीच्या आकाराचा पाव भाजून आणला होता, बायकोला हसू यावं म्हणून. तो टेबलावर बघताच वन्सं उठून आत गेल्या. जेवल्या नाहीत. मंगळवारी सकाळी चहाही अर्धाच घेतला. नवरा म्हणाला, "चिमणे, पोट बिघडलंय का?" तर त्या त्याच्यावर खेकसल्या की माझ्या पोटाची चौकशी करायचं कारण नाही.

मंगळवारी दुपारी काट्यावर दोन ट्रक रांगेत होते. काटेबाई पावतीचा अडकलेला कागद ओढत होती. मान वर केली तर फाटकातून वन्सं येत होत्या. हातात छत्री, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर तपासणीला निघाल्यासारखा भाव. बावीस वर्षांत त्या कधी तिच्या कामाच्या जागी आल्या नव्हत्या. रविवारी आल्या तेवढ्याच. काटेबाईला वाटलं, बेकरीत काही झालं.

वन्सं खिडकीशी आल्या, छत्री मिटली आणि म्हणाल्या, "वहिनी, मला वजन करायचंय."

"कशाचं?"

"माझं."

काटेबाईला काही सुधरेना. वन्सं आणि वजन या दोन गोष्टी एका वाक्यात येत नसत. कित्येक वर्षांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणी झाली होती, आणि नर्सने सगळ्या शिक्षकांसमोर वन्संचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला होता. त्या दिवसापासून त्या कुठल्याही काट्यावर चढल्या नव्हत्या. दवाखान्यात डॉक्टरलाही सांगायच्या, अंदाजे लिहा. स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्राला वळसा घालून जायच्या.

"मी बोटीत होते," वन्सं म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, खाली बघत, पण एकही वाक्य न गाळता. डॉक्टरांच्या अंगणात त्या शिडीने चढून, छताची मागची बटणं काढून बोटीत शिरल्या होत्या, सीटा फाटल्यात का बघायला. चालवायच्या खुर्चीत बसून बघितलं. तेवढ्यात बोट हलली, गाडी निघाली. हाक मारणार होत्या, पण हात चाकावर होते आणि रस्ता सरकत होता. नाही मारली. डॉक्टरांच्या घरापासून काट्यापर्यंत सबंध रस्ताभर छताच्या आत बसून, पुढच्या काचेतून बघत त्यांनी बोट चालवली. वळण आलं की चाक वळवलं. कोपऱ्यावर तर तोंडाने भोंगासुद्धा वाजवला, हळूच.

"आणि मी खाली उतरा म्हटलं ते?"

"ऐकलं ना. पण उतरायचं म्हणजे सगळ्यांसमोर, आणि त्या प्लेटवर. म्हटलं, ट्रक तोलणारा काटा, त्याला माझं काय कळणार."

"काट्याला सगळं कळतं, वन्सं."

"ते तू पावती दिलीस तेव्हा मला कळलं." मागच्या ट्रकने भोंगा दिला, तर त्यांनी वळून नुसतं पाहिलं आणि भोंगा बंद झाला. "आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बोट आली की तुम्ही दोघं पाण्यावर, आणि मी काठावर पिशव्या सांभाळत. असंच वाटत होतं मला. काटा नाही म्हणाला, मी सुटले. काल दिवसभर स्वतःला हेच सांगितलं, आज सकाळपासून सांगता येत नाहीये."

काटेबाईला आठवलं, त्या रविवारी आपण मला चालवायचीय म्हटलं, नवऱ्याने टाळ्या वाजवायचं कबूल केलं, पण वन्संना कुणी विचारलंच नव्हतं की तुम्ही याल ना. तिला इतकं गृहीत वाटलं होतं की विचारायचं राहून गेलं. बावीस वर्षं आलेल्या प्रत्येक वाहनाचं वजन केलं, आणि घरातलं माणूस पट्ट्याच्या बाहेर उभं आहे हे दिसलं नाही.

"नुसतं सांगितलंत तरी चाललं असतं," ती म्हणाली. "काट्यावर नाही चढलात तरी चालेल."

"नाही," वन्सं म्हणाल्या. "परीक्षा म्हणजे परीक्षा. तोंडी उत्तर मी कधी कुणाचं धरलं नाही."

काटेबाई केबिनच्या दारात आली आणि दोन्ही ट्रकवाल्यांना म्हणाली, इंजिनं बंद करा आणि तोंडं फाटकाकडे करा. तिचा आवाज असा होता की एक ड्रायव्हर तोंड फिरवून वर डोळेही मिटून उभा राहिला. वन्संनी छत्री आणि पर्स खिडकीत ठेवली. चपला काढाव्या का असं विचारलं. काटेबाई म्हणाली, ट्रक टायर काढून येत नाहीत. मग वन्सं चालत गेल्या आणि अठरा मीटर लांब लोखंडी प्लेटच्या बरोबर मध्यावर उभ्या राहिल्या, हात अंगाला चिकटवून, मान ताठ. एवढ्या मोठ्या प्लेटवर त्या खरोखरच चिमणीएवढ्या दिसत होत्या.

काटेबाईने बटण दाबलं. काचेआडचे लाल आकडे लुकलुकले आणि थांबले.

"किती?" वन्संनी तिथूनच विचारलं. आवाज पहिलीतल्या मुलीसारखा झाला होता.

"ऐंशी."

"फक्त?"

"ऐंशी," काटेबाई म्हणाली.

आता, हा काटा ट्रकांचा. तो वीस-वीस किलोंनी बोलतो. मधलं काही त्याला उच्चारता येत नाही, जवळचा आकडा सांगून मोकळा होतो. म्हणजे वन्सं एकोणनव्वद असत्या तरी काट्याने ऐंशीच सांगितलं असतं. हे काटेबाईला माहीत होतं. बावीस वर्षांत तिने आकड्यात कधी फेरफार केला नव्हता, आणि आजही केला नाही. काटा जे म्हणाला तेच तिने सांगितलं. वरची टीप तिने स्वतःपाशी ठेवली.

वन्सं प्लेटवरून उतरल्या त्या चढल्या होत्या त्याहून हलक्या. खिडकीशी येऊन म्हणाल्या, "पावती दे."

"पावती?"

"आकडा लेखी असावा." ती पावती त्यांनी घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि त्या नर्सचा हिशेब चुकता झाल्यासारखं कप्प्याची चेन ओढली. मग एकदम मुद्द्यावर आल्या. "ऐंशी वजा केले की सहाशे. बरोबर भरली. माझा होकार."

"वजाबाकी नको," काटेबाई म्हणाली. "बोट उद्या पुन्हा तोलू. रिकामी."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो. पण उद्या पुन्हा कोण आत बसून येईल, मला काय ठाऊक."

बुधवारी बोट परत आली. या खेपेला छत पूर्ण उघडलेलं होतं. डॉक्टर पट्ट्यामागे, मेकॅनिक पट्ट्यामागे, नवरा पट्ट्यामागे, आणि सगळ्यात पुढे वन्सं. काटेबाईने केबिनमधून बाहेर येऊन स्वतः बोटीत डोकावून पाहिलं, सीटांखाली हात घालून पाहिला, मग आत जाऊन बटण दाबलं. आठशे चाळीस. ट्रेलर गेला, राहिले सहाशे. मेकॅनिक म्हणाला, मग ते ऐंशी लिटर पाणी गेलं कुठे? वन्सं म्हणाल्या, आटलं. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो खोकल्याचं निमित्त करून झाडामागे गेला.

महिनाभर मेकॅनिकने दोघींना शिकवलं. चालवायचं शिकलेली काटेबाई आणि नियम पाठ केलेल्या वन्सं मिळून एक पुरा चालक होत होता. मग एका रविवारी सकाळी मेकॅनिकशिवाय त्या दोघी पहिल्यांदा निघाल्या. नवरा धक्क्यावर गरम पावांची पिशवी घेऊन उभा होता. टाळ्यांचं कबूल केलं होतं म्हणून त्याने पिशवी दातांत धरून ठेवली होती.

इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. काटेबाईने वेगाचा दांडा पुढे ढकलला. बोट हातभर गेली आणि थांबली. आणखी ढकलला. पाणी मागे उसळलं, बोट थरथरली, पण जागची हलेना. फोम, काटेबाईच्या मनात आलं. कुठेतरी आकडा चुकला.

"वहिनी," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "दोर सोडला नाहीस."

मागचा दोर धक्क्याच्या खुंटीला तसाच बांधलेला होता. नवरा हसता हसता खाली बसला आणि पिशवीतले दोन पाव पाण्यात गेले. काटेबाईने दांडा मागे घेतला. वन्सं उठल्या, तशी बोट त्यांच्या बाजूला चांगली कलली, आणि त्यांनी मागे जाऊन गाठ सोडली, मुलांच्या बुटांच्या नाड्या आयुष्यभर सोडल्या होत्या तशी, एका ओढीत.

मग धक्का मागे गेला. डॉक्टरांच्या अंगणातले टॉवेल मागे गेले. टॉवेलांच्या मागे डॉक्टर हात हलवत होते. पुढे नुसतं पाणी होतं. काटेबाईने चाक घट्ट धरलं होतं आणि ती कुठे निघाली आहे हे तिला अजूनही सांगता आलं नसतं.

"त्या तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत तू," वन्सं म्हणाल्या. "तिथून पुढे मी."

"अहो, आताशी तर निघालोय."

"अंतर मी मोजलंय. बरोबर निम्मं पडतं," वन्सं म्हणाल्या, आणि वळण नसताना तोंडाने भोंगा वाजवला, या वेळी मोठ्याने.